‘फुकटातलं गूगल साइट्स शिकवून पैसे घेतले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. तारकर्लीच्या तुमच्या होमस्टेची वेबसाइट आमचा साइट बनवायचा दोन दिवसांचा वर्ग संपेपर्यंत तुमच्या डोमेनवर (साइटच्या स्वतःच्या पत्त्यावर) दिसली नाही, हे खरं. पण ‘पंधराशे रुपये घेऊन फुकटातलं गूगल साइट्स शिकवलं, वर्डप्रेस येत नसणार’ हे अख्खं मालवण वाचणार, म्हणून लिहिणं भाग आहे.

वर्डप्रेस येतं. गूगल साइट्स काय आणि वर्डप्रेस काय, दोन्ही वेबसाइट बनवायची टूल. पण टूलमध्ये काय काय आहे यापेक्षा कोडिंग न येणाऱ्याला, शेजारी सांगणारं कुणी नसताना, त्यात काय जमतं हे बघूनच आम्ही ते शिकवायला घेतो. त्यासाठी अशा माणसाला कामं चारच देतो: फोटो बदला, मे महिन्याचा दर काढून पावसाळ्याचा घाला, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावा, पब्लिश करा. आम्ही मधे बोलायचं नाही, कुठे अडतं ते फक्त टिपायचं. ‘सोपं वाटलं का’ विचारलं तर सगळेच हो म्हणतात. टूल वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी १९८६ची दहा प्रश्नांची एसयूएस प्रश्नावलीसुद्धा लोक भिडेखातर भरतात.

वर्डप्रेसमध्ये ‘पोस्ट’ (तारखेनिशी लेख) की ‘पेज’ (कायमचं पान) इथेच घोळ होतो. वरची पट्टी बदलायची तर माणूस पेजमध्ये शोधत बसतो आणि ती असते थीममध्ये, म्हणजे साइटच्या साच्यात. शिवाय स्वतःचं होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घेतलं की त्याचं भाडं, बॅकअप, प्लगइनचे (जादा सोयींसाठी जोडलेल्या प्रोग्रामचे) अपडेट. जुना प्लगइन तसाच राहिला की हॅक करणाऱ्याला दार उघडं. विक्स या तिसऱ्या टूलच्या फुकट प्लॅनवर त्यांचीच जाहिरात झळकते, आणि मोबाइलवरची मांडणी वेगळी तपासावी लागते. गूगल साइट्समध्ये थोडंच करता येतं, म्हणून बिघडतंही थोडंच. त्याची मोठी खोट म्हणजे फोनवरून नीट एडिट करता येत नाही. त्यासाठीच दरपत्रक गूगल शीटमध्ये करून पानात बसवायला शिकवलं. दर फोनवर शीटमध्ये बदला, साइटवर आपोआप बदलतो. फक्त शेअरिंग ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ठेवावं लागतं, नाहीतर पाहुण्याला दराच्या जागी परवानगीची सूचना दिसते. तुमच्या साइटवर आज नेमकं तेच दिसतंय.

आता डोमेन. आधी डोमेन तुमचंच आहे हे गूगलला दाखवणारी टीएक्सटी नोंद, मग तो पत्ता गूगल साइट्सकडे वळवणारी सीनेम नोंद. सीनेम भरताना ‘होस्ट’ नावाच्या रकान्यात फक्त ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लिहायचं. अख्खं नाव लिहिलं की बहुतेक ठिकाणी डोमेन दोनदा जोडलं जातं. हे सगळं डोमेन ज्याच्या खात्यात, त्याच्याच लॉगिनने होतं. तुमचं डोमेन ठाण्याच्या भाच्याच्या खात्यात, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि त्याने फोन उचलला साडेपाचला. त्यानंतर नोंद सगळीकडे पोचायला ४८ तासही लागू शकतात, ते आमच्या हातात नाही. ‘लॉगिन आणि ओटीपीचा फोन सोबत आणा’ हे नावनोंदणीच्या मेसेजमध्ये होतं, ताई. आणि पंधराशे रुपये शिकवण्याचे होते, दोन दिवसांचा लॅपटॉप आणि जेवण धरून.

पुढच्या बॅचला डोमेनचं आदल्या दिवशीच बघून घेऊ, वेळेचंही काहीतरी करू. शीटचं शेअरिंग दोन मिनिटांचं काम आहे, दुकानात या, पैसे नकोत. वर्डप्रेसच हवं असेल तर तेही शिकवू. त्याची फी वेगळी, आणि होस्टिंग तुमच्या नावावर घ्या, भाच्याच्या नको.