शेतात पाईप पुरा आणि निश्चिंत व्हा

मुंबईत राहून गावची शेती सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या कर्तबगार मंडळींसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. आपल्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये पांढरे मीठ फुटत असेल, उसाची उगवण तुटक होत असेल आणि हातभर उकरताच पाणी लागत असेल, तर सच्छिद्र पाईप पुरून भूमिगत निचरा करावा, हे आपल्याला कोणीही सांगेल. तो कसा करावा, हे मात्र मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मिरजेजवळच्या माझ्या चार एकरांत मी तो गेल्या एप्रिलमध्येच करून घेतला आणि त्यासाठी दादरच्या घरातील खुर्चीवरून मला एकदाही उठावे लागले नाही.

सर्वप्रथम, माती तपासण्याच्या फंदात पडू नका. जमीन खारवट असेल तर तिच्यातील क्षार गोड्या पाण्यात विरघळून पाईपावाटे निघून जातात; चोपण असेल, तर मातीला चिकटलेला सोडियम जिप्सम घातल्याशिवाय सुटत नाही आणि तो सुटेपर्यंत पाणी मुळात खालच्या पाईपापर्यंत पोहोचतच नाही. एवढा फरक कळण्यासाठी पिशवीभर माती प्रयोगशाळेत न्यावी लागते. त्यापेक्षा शेजाऱ्याने जे केले तेच आपण करावे. त्याची जमीन वेगळी असली म्हणून काय झाले, बांध तर एकच आहे.

ठेकेदार निवडताना जो लेव्हलचे यंत्र घेऊन येतो, त्याला बांधावरूनच परत पाठवा. पाईपाला शंभर मीटरमागे 20 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर उतार द्यायचा असतो, आणि माझा ठेकेदार तो नुसत्या नजरेने ओळखत असे. जेसीबीचे बकेट एकदा जास्त खाली गेले की तेवढा उतार तेथेच संपतो आणि त्या खोलगटात पुढे गाळ साठत राहतो, ही शंका मी फोनवर बोलून दाखवली तेव्हा त्याने मला, ‘साहेब, तुम्ही मुंबईत आरामात राहा,’ असे सांगितले. मी राहिलो.

दोन पाईपांतील अंतर ठरवताना हिशेब आपल्या सोयीचा करावा. चार एकर म्हणजे साधारण 16,000 चौरस मीटर. 15 मीटर अंतर ठेवले तर सुमारे 1,070 मीटर पाईप लागतो आणि 30 मीटर ठेवले तर त्याच्या निम्मा. काळ्या भारी जमिनीत पाणी आडवे सरकायला फार वेळ घेते, त्यामुळे पाईपाशेजारी वापसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, येतो आणि मधल्या पट्ट्यात पाय रुततो, ही गोष्ट खरी. पण निम्मे पैसे वाचल्याचा आनंद त्याहून मोठा असतो.

पाईपावरचे गाळणीचे कापड ही निव्वळ चैन आहे.

अनुदानाची चौकशी अवश्य करावी. वेळ चांगला जातो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना: हे पाणी शेवटी जाणार कुठे, हे कोणालाही विचारू नका. खोदाई पाण्याच्या तोंडापासून सुरू करून वर शेताकडे न्यावी, असे जाणकार सांगतात. माझ्याकडे ती रस्त्याच्या बाजूने सुरू झाली, कारण जेसीबीला तिकडून वाट होती. चर खोदत खोदत मंडळी ओढ्यापाशी पोहोचली, तेव्हा पाईपाचे तोंड ओढ्याच्या तळाच्याही खाली आलेले होते. ठेकेदार डगमगला नाही. त्याने ओढ्यातच एक खड्डा घेतला, पाईप त्यात सोडला, नारळ फोडला आणि मला व्हिडिओ पाठवला. एप्रिल महिना होता, खड्डा कोरडा ठणठणीत होता आणि पाईपाच्या तोंडाशी गुलाल सुरेख दिसत होता. मी तो व्हिडिओ इमारतीतल्या चार जणांना दाखवला.

जूनमध्ये दोन दिवस पाऊस लागला आणि चुलतभावाचा फोन आला, “दादा, पायपातनं पाणी भाईर जायचं सोडून आत याय लागलंय.” पाठोपाठ त्याचा व्हिडिओही आला. तोंड हातभर पाण्याखाली होते, वरच्या चेंबरमध्ये बुडबुडे येत होते आणि एप्रिलमधल्या नारळाची करवंटी गोल गोल फिरत होती. वास्तविक हे मला कळायला हवे होते. भरती आली की समुद्र वर असतो, नाल्याचे तोंड त्याच्याखाली जाते आणि पाणी हटत नाही, म्हणून तर दादरजवळच्या हिंदमाता चौकात तुंबणाऱ्या पाण्यासाठी मैदानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या. त्या चौकात गुडघाभर पाण्यात उभे राहून हेच तत्त्व मी वर्षानुवर्षे लोकांना समजावून सांगत आलो आहे.

ठेकेदार आता म्हणतो की शेवटी हौद बांधून पंप बसवा. म्हणजे उताराने फुकट जाणारे पाणी मी वीज जाळून उचलायचे आणि ज्या ओढ्यात ते मावत नाही त्यातच पुन्हा ओतायचे. अहो, तो ओढा राहिला आहे कुठे? माझ्या लहानपणी त्यात बैलगाडी उतरली की चाके दिसत नसत. दोन्ही काठांच्या लोकांनी दर वर्षी एकेक सरी पुढे सरकवली, मळ्यात जायला मधे मातीचे बांध टाकले, त्यांच्याखाली घातलेल्या नळ्या बुजल्या आणि आज त्या ओढ्याच्या पोटात चक्क ऊस उभा आहे. वरच्या अंगाच्या प्रत्येकाचा पाईप याच ओढ्यात सोडलेला आहे, पण उकरणीची वर्गणी मागितली की ज्याचे त्याचे उत्तर एकच, “आमचं पाणी तिकडनं जात न्हाई.”

आणि उसाला इतके पाणी पाजायला कोणी सांगितले होते? पाळी आली म्हणून पाट सोडायचा, वीज आली म्हणून मोटार चालू करायची, सरी तुडुंब दिसल्याशिवाय झोप यायची नाही, आणि वीस वर्षांनी मीठ फुटले की कारखान्याला, सरकारला आणि नशिबाला शिव्या द्यायच्या. पाईप विकत मिळतो, ओढा विकत मिळत नाही, तो सगळ्यांनी मिळून उकरावा लागतो, एवढे न कळण्याइतके आपण कोणीही अडाणी नाही. आपल्याला ते करायचे नाही. मी तरी वेगळे काय केले? वडील गेल्यापासून त्या ओढ्याच्या काठाने मी एकदाही चाललेलो नाही. नारळ फोडलेला पाहिला आणि उरलेले पैसे पाठवून मोकळा झालो.

शनिवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून रविवारी सकाळी मी गावी पोहोचत आहे. लेव्हलचे यंत्र असलेल्या माणसाला बांधावर बोलावले आहे. उकरणीतला माझा वाटा मी रोख आणणार आहे. ओढ्यात ऊस लावलेल्या भाऊबंदांनी तो कधी काढणार, एवढे रविवारी माझ्या तोंडावर सांगावे.