टकल्याच्या हाती कंगवा

आमच्या घरात लेकीच्या वेण्या घालायचं खातं माझ्याकडे आहे. माझ्या स्वतःच्या डोक्यावर शेवटचा कंगवा फिरला त्याला आता नऊ-दहा वर्षं होतील. पण बायकोची लोकल सहा बावन्नची, लेकीची व्हॅन सात दहाची आणि आईच्या बोटांत संधिवात. उरलो मी.

आधी हे काम काही अवघड नव्हतं. चौथी-पाचवीपर्यंत तिचे केस म्हणजे शेवया. भांग पाडा, दोन भाग करा, तीन-तीन पेड घ्या, वेणी वळा, दुमडा, रिबीन बांधा. साडेचार मिनिटांत मोकळा. सोसायटीतल्या दोन बायकांनी माझ्या भांगाचं कौतुक केलं होतं, ते मला अजून आठवतं. बायकोलाही आठवतं.

मग लेक सहावीत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी कपाळावर दोन पुटकुळ्या आल्या, मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बाबा, प्लीज!’ आलं, आणि जूनमध्ये भांगापाशी काहीतरी निराळंच उगवायला लागलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्या हिशेबाने दिवाळीपर्यंत वरचे पाच-सहा सेंटीमीटर नुसत्या स्प्रिंगा आणि खाली त्याच जुन्या शेवया. जुन्या चाळीवर कोणीतरी बेकायदा मजला चढवावा तसं. वेणी घातली की खालचा भाग शिस्तीत लोंबायचा आणि वरचा चारी बाजूंनी बाहेर यायचा.

आमचे डॉक्टर हसले. म्हणाले, वयात येताना हार्मोन्स बदलतात, तसा काहींचा केसही बदलतो. केस कातडीतल्या ज्या पिशवीतून उगवतो ती गोल असली तर तो सरळ येतो, चपटी-वाकडी झाली तर वळत वळत येतो. शिवाय या वयात टाळूला तेल जास्त सुटतं, पण वळणावळणांच्या घाटातून ते खाली उतरत नाही. म्हणजे टाळू तेलकट आणि टोकं कोरडी. एकाच केसाच्या एका टोकाला शाम्पू हवा आणि दुसऱ्याला तेल. “मग करायचं काय?” मी विचारलं. “काही नाही. आजार नाहीये तो,” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. कशाला पाहिलं, कळलं नाही.

घरात मात्र चौकशी समिती बसली. हे आलं कुठून? सासूबाईंनी फोनवरच हात झटकले, “आमच्याकडे नाही हो कुणाचे असे.” आई म्हणाली, “आमच्याकडे तर सात पिढ्यांत नाहीत.” सात पिढ्यांचे केस तिने कुठे पाहिले, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. “आणि याचे तर काय सुरेख सरळ होते!” ‘होते’वर बायको जरा जास्तच हसली.

त्यातून आम्ही राहतो डोंबिवलीत. जुलैत इथे टॉवेल वाळत नाही, मीठ बरणीतून पडत नाही आणि कुरळा केस ऐकत नाही. हवेतलं पाणी केसात शिरतं, आदल्या रात्री बसवलेलं सगळं सुटतं आणि केस आपल्याला हवा तसा वळतो. १७८३ साली सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाचा केस ताणून बांधला आणि त्यावर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं. कोरड्या हवेतून पार दमट हवेत गेला की केस दोन-अडीच टक्के लांबतो, एवढ्यावर ते चालायचं. त्या गृहस्थांच्या कामाला एखाददुसरा केस पुरला. आमच्याकडे लाखभर आहेत आणि सगळे कामावर हजर असतात. छत्री घ्यायची का, हे मी हल्ली लेकीचं डोकं बघून ठरवतो. अजून भिजलेलो नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी ते कोरडे विंचरायचो. हा गुन्हा आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोरडा कुरळा केस विंचरला की पिंजाऱ्याने गादी फोडल्यासारखा फुलतो. मी दाबायचो डावीकडे, तो वर यायचा उजवीकडे. लेक ओरडायची, आई आतून “अरे, हळू, लेकराचं डोकं आहे ते” म्हणायची, खाली व्हॅनवाले काका हॉर्न द्यायचे. एकदा कंगव्याचा दात मोडून आत गेला. खूप शोधला. दुपारी ती शाळेतून आली तेव्हा पाचव्या तासाला मराठीच्या वहीवर पडल्याचं कळलं.

त्याच आठवड्यात डायरीत शेरा आला : ‘केस नीट बांधून पाठवावे.’ खाली पालकांच्या सहीची जागा. मी लिहिलं, ‘नीटच बांधून पाठवले होते. नंतर पाऊस आला.’ आणि सही केली. बायकोने ते पान वाचलं आणि दोन दिवस डायरी स्वतःकडे ठेवली.

तळमजल्यावरच्या एक काकू मात्र हळू आवाजात म्हणाल्या, “जट नाही ना धरत? मग कापू नका हो, देवीचं असतं.” तेवढ्यापुरती माझी विनोदबुद्धी संपते. जट म्हणजे न सोडवलेला गुंता. देवीच्या नावाने तो डोक्यावर वागवत मानेचं दुखणं काढणाऱ्या बायकांच्या जटा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालून घालून कापतात. काकूंना मी एवढंच म्हटलं, “देवीला सांगा, कंडिशनर आणलाय.”

कंडिशनरचा शोध लेकीचा. सहावीतल्या मुलीला भूगोलाची नकाशावही सापडत नाही, पण कुरळ्या केसांचे व्हिडिओ सापडतात. एका रविवारी तिने मला समोर बसवून नियम सांगितले. केस ओले असतानाच सोडवायचे, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, आणि टोकांकडून वर. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळायचे. (ऑफिसच्या मॅरेथॉनचा माझा टी-शर्ट त्याच दिवशी गेला.) उशीला सॅटिनचा अभ्रा. “आणि बाबा, ‘झिपऱ्या’ म्हणायचं नाही. कर्ल्स म्हणायचं.”

पुढची पायरी जवसाचं जेल. दोन कप पाण्यात पाव कप जवस घालून उकळायचा. सात-आठ मिनिटांनी पाण्याला तार यायला लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच गाळायचं. मी व्हॉट्सअ‍ॅप बघायला गेलो. परत आलो तेव्हा पातेल्यात तयार झालेला पदार्थ गाळण्यात शिरायला तयार नव्हता आणि शिरल्यावर निघायला. शेवटी पंच्यात घालून पिळला. बुळबुळीत, लांबच लांब धागे, कोपरापर्यंत ओघळ. लेक बाजूला उभी राहून “ईऽऽ” आणि “अजून पीळ” हे आलटून पालटून म्हणत होती. वाटीभर जेल निघालं, ते फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. संध्याकाळी वाटी रिकामी.

“साबुदाण्याची पेज होय ना ती?” आई म्हणाली. “गरम केली, साखर घातली, वेलदोडा घातला. जरा बुळबुळीत झाली होती तुझी, पण टाकवेना.”

मी खरं काय ते सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण वेगळ्याच कारणाने. “अरे देवा! जवस उपासाला चालतो का?” यावर रात्री दोन मावश्यांशी फोन झाले, निकाल लागला नाही. सकाळी मात्र ती बाथरूममधून फार प्रसन्न मुद्रेने बाहेर आली आणि म्हणाली, “उरलाय का अजून?”

आता लेक सातवीत आहे. खालच्या शेवया कापून झाल्या, सगळे एकजात कुरळे. आंघोळीनंतर दार लावून घेते, आतून पाण्याचा, बाटल्यांचा आणि गाण्यांचा आवाज येतो. माझ्याकडे फक्त मागचा भांग उरलाय, तोही “बाबा, पटकन” एवढ्यापुरता.

परवा कपाट आवरताना तिला माझं जुनं आयकार्ड मिळालं. सांगलीच्या हॉस्टेलवरचं पहिलं वर्ष. त्यात मी, आणि माझ्या डोक्यावर दाट, फुललेलं, कानांच्याही बाहेर गेलेलं कुरळं रान. घरात एकदम शांतता. बायकोने आयकार्ड उजेडात धरलं.

“हा तू नव्हेस,” आई म्हणाली. “तुझे सरळ होते. मी स्वतः बारावीपर्यंत रोज सकाळी तेल थापून चप्प बसवायची ना!”

म्हणजे चौकशी समितीचा अहवाल आला. आई मात्र हरणारी नाही. ती आत गेली आणि खोबरेल तेलाची वाटी कोमट करून घेऊन आली. “ये ग, बस इथे. ते जेलबिल राहू दे. मुरवून तेल लावते, बघ कसे बसतात.”

लेक बसायला खाली वाकली आणि तशीच थांबली.

“आजी, बाबाला पण हेच तेल लावायचीस?”

“हेच! भरपूर. एक दिवस चुकवला नाही.”

लेकीने आयकार्डाकडे पाहिलं. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. आणि सावकाश उठून आपल्या खोलीत निघून गेली.