जरासा पंप धरता का, भाऊ?

कालपासून मी आमच्या गल्लीत विमान पाडलेला माणूस आहे. सकाळी पोहेवाल्यानं तर्री वाढता वाढता विचारलं, "काऊन भाऊ, बिल्डिंगीत घातलं म्हणते इमान?" तर्री मात्र नेहमीइतकीच दिली.

झालं ते असं. पारा 45 ला, आणि मी सिम्युलेटरवर बोईंग 747 घेऊन हाँगकाँगच्या कै टाकवर उतरत होतो. हा विमानतळ 1998 च्या जुलैत बंद झाला, पण आमच्यासारख्यांच्या छळासाठी संगणकात चालू आहे. 13 नंबरच्या धावपट्टीवर सरळ येताच येत नाही, मध्ये डोंगर. म्हणून विमान आधी एका टेकडीवरच न्यायचं. तिच्यावर लाल-पांढऱ्या चौकटी रंगवलेल्या. त्या दिसल्या की ऑटोपायलट सोडायचं आणि घरांच्या छपरांवरून, हातानं, उजवीकडे 47 अंश वळायचं. वळण संपतं तेव्हा उंची उरते दीड-दोनशे फूट, आणि पट्टीच्या टोकाला समुद्र. तीन आठवडे मी त्या समुद्राचीच खोली मोजत होतो. काल पहिल्यांदा सगळं जुळून आलं होतं.

तेवढ्यात कूलरवाला आला. सोमवारी सकाळचा वायदा, उगवला गुरुवारी चारला. पण मे महिन्यात नागपुरात कूलरवाल्याला कोण बोलणार? जावयाला एखादे वेळी बोलता येईल.

कूलरच्या गवताच्या ताट्या काढता काढता त्यानं स्क्रीनकडे पाहिलं.

"कुठी चाललं जी हे?"

"हाँगकाँग."

"मंग टेकडीवर काऊन नेऊन राह्यले?"

"तसंच न्यावं लागतं."

"आपल्या सोनेगावच्या एअरपोर्टले तं सरळ येतेत. माह्या घरावरूनच जातेत."

"इथे सरळ येता येत नाही."

"मंग तिथी एअरपोर्ट काऊन बांधला?"

"म्हणूनच तर बंद केला ना!" मी चिडून बोलून गेलो. खरं तर तेवढंच कारण नव्हतं, पण त्या वेळी माझी उंची हजार फूट होती.

त्यानं हातातली ताटी खाली ठेवली. "बंद हाय? बंद हाय तं उतरून काऊन राह्यले?"

स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं. घरात आम्ही दोघंच राहतो.

चौकटी दिसल्या. ऑटोपायलट सोडलं. उजवा पंख झुकला, खाली गच्च्या सरकू लागल्या. आणि नेमकं तेव्हाच, "भाऊ, जरासा पंप धरता का?" म्हणत त्यानं शेवाळलेला पंप माझ्या डाव्या हातात दिलाही. डावा हात थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर सांभाळायचा! गेल्या वर्षीचं पाणी मांडीवर ओघळलं.

"हलवू नका जी, वायर उघडी हाय."

मी हललो नाही. विमानाचा वेग मात्र उतरत गेला.

"गेलं," तो म्हणाला. "म्या म्हटलंच होतं, टेकडीवर नका नेऊ."

वर बिल! ताट्यांचे 600, नव्या पंपाचे 450, आणि 200 'येण्याचे'. तीन दिवस न येण्याचं काही वजा नाही. जुना पंप गेल्या मे महिन्यात यानंच बसवला होता, 'दहा वर्षं पाहायचं काम नाही' असं सांगून. आणि जाताना जिना उतरता उतरता माझा अपघात तळमजल्यापर्यंत सांगत गेला.

रात्री कूलर नुसती गरम हवा फेकत होता. फोन लावला.

"येतो ना जी उद्या सकाळी," तो म्हणाला. "उतरलं का मंग?"