जागेचा धोका, माणसाचा धोका

न्यायालयासमोर उभ्या असलेल्या माणसाविषयी दोन प्रश्न विचारता येतात. त्याने काय केले, हा एक. आणि तो पुढे काय करील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साक्षीपुराव्यांनी देता येते, ते खोडून काढता येते, वरच्या न्यायालयात त्याची फेरतपासणी होऊ शकते. दुसऱ्या प्रश्नाला पुरावा नसतो, असतो तो केवळ अंदाज. गेल्या शंभर वर्षांत हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या शेजारी येऊन बसला आहे आणि काही ठिकाणी त्याने पहिल्याची जागाही बळकावली आहे. गुन्हे रोखण्यासाठी धोक्याचा विचार करणे मला आवश्यक वाटते. एखाद्या माणसाला किती काळ कोंडून ठेवायचे, हे त्याच विचाराने ठरवणे मात्र मला अन्यायाचे वाटते. या दोन गोष्टी एकाच नावाखाली वावरतात आणि पहिलीचे यश दुसरीच्या खात्यावर मांडले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

धोका मोजण्याची ही पद्धत मुळात विम्याची. कोणाचे घर जळेल हे विमा उतरवणाऱ्याला ठाऊक नसते; हजार घरांपैकी साधारण किती जळतील, एवढाच हिशेब त्याच्यापाशी असतो आणि त्याला तेवढा पुरतो. शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२८ मध्ये हाच हिशेब तुरुंगाला लावला. इलिनॉय राज्यातील तीन तुरुंगांतून पॅरोलवर, म्हणजे मुदतीआधी अटींवर, सुटलेल्या ३,००० जणांच्या नोंदी तपासून त्यांनी २१ घटक निवडले आणि प्रत्येक अनुकूल घटकाला गुण देऊन कैद्यांची प्रतवारी केली. त्या घटकांत पूर्वीचे गुन्हे आणि कामधंद्याची नोंद होती, तसेच वडिलांचे राष्ट्रीयत्वही होते. माणसाने स्वतः केलेले आणि त्याच्या वाट्याला जन्माने आलेले, दोन्ही एकाच बेरजेत गेले. माझ्या मते पुढच्या बहुतेक वादांचे बीज त्या बेरजेत आहे.

तरीही आधी या विचाराची चांगली बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खरोखरच चांगली आहे. गुन्हा घडायला गुन्हेगार लागतो, तशीच संधीही लागते. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना जागच्या जागी दंड होऊ लागला. त्यामागचा हेतू अपघातांतील मृत्यू कमी करण्याचा होता, चोरीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पण ज्या वर्षी देशात सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या, त्यानंतर सहा वर्षांत हा आकडा ५५ हजारांच्याही खाली आला. दिसली गाडी की पळवली, असे करणाऱ्याजवळ हेल्मेट नसे आणि हेल्मेटाविना तो पहिल्याच चौकात पकडला जाण्याची भीती असे. मोटारी आणि सायकलींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्याही नाहीत. म्हणजे चोरांनी फक्त वाहन बदलले, असेही झाले नाही.

धोका जागांवरही सारखा पसरलेला नसतो. मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळपास निम्मे दूरध्वनी शहरातील केवळ तीन टक्के पत्त्यांशी निगडित असल्याचे आढळले. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे लक्षात आले, की एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा कितीतरी अधिक असते. मग सर्व घरांवर सारखी शक्ती खर्च न करता फोडल्या गेलेल्या घरांची कुलुपे लगेच मजबूत केली गेली, नाणी टाकून चालणारे गॅस आणि विजेचे मीटर काढले गेले, आजूबाजूच्या शेजाऱ्यांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले गेले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. या कामात संभाव्य चोर कोण, हे कोणालाही ठरवावे लागले नाही. अंदाज चुकला असता, तर एखाद्या घराला गरजेपेक्षा भक्कम कुलूप मिळाले असते, एवढेच.

माणसाच्या बाबतीत अंदाज चुकतो, तेव्हा काय होते? एक कल्पित हिशेब मांडून पाहू. समजा, हजार कैद्यांपैकी ५० जण सुटल्यावर गंभीर हिंसक गुन्हा करणार आहेत. आपल्याकडे अशी चाचणी आहे, की जी त्या ५० पैकी ८० टक्क्यांना अचूक ओळखते आणि उरलेल्या ९५० पैकी ८० टक्क्यांना अचूक निर्धोक ठरवते. ऐकायला ही चाचणी उत्तम वाटते. पण तिने धोकादायक ठरवलेल्यांत खरे धोकादायक ४० असतील आणि विनाकारण अडकलेले १९०. गंभीर गुन्हे तुलनेने दुर्मीळ असतात, म्हणून हे होते. यंत्र आणखी हुशार केल्याने हा प्रश्न थोडा कमी होतो, सुटत मात्र नाही. शिवाय चुकून सोडलेला माणूस गुन्हा करतो तेव्हा त्याची बातमी होते, चौकशी होते, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. चुकून कोंडलेल्या १९० जणांची बातमी कधीच होत नाही, कारण ते निरुपद्रवी होते हे दाखवण्याची संधीच त्यांना मिळालेली नसते. ज्या व्यवस्थेला आपली एकाच बाजूची चूक दिसते, ती दरवर्षी थोडी अधिक कठोर होत जाणार, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

अशी संधी इतिहासाने एकदा अपघातानेच दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ मधील बॅक्सट्रॉम निकालानंतर न्यूयॉर्क राज्याला ९६७ जणांना, मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीच्या कडेकोट रुग्णालयांतून साध्या रुग्णालयांत हलवावे लागले. अत्यंत धोकादायक म्हणून, शिक्षेची मुदत संपल्यावरही कोंडून ठेवलेली ही माणसे होती. संशोधकांनी पुढची चार वर्षे त्यांचा माग घेतला. अगदी थोड्यांनाच कडेकोट बंदोबस्तात परत पाठवावे लागले आणि अनेकजण पुढे समाजात राहू लागले. एवढे दिसूनही फारसा धडा घेतला गेला नाही. टेक्सासमधील मृत्युदंडाच्या एका प्रकरणात १९८३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते, की दूरच्या भविष्यातील हिंसेविषयीची तज्ज्ञांची दर तीनपैकी दोन भाकिते चुकतात. न्यायालयाने तरीही अशी साक्ष ग्राह्य मानली. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाचा जीव अवलंबून आहे, त्याला इतके तकलादू उत्तर चालते, हे मला आजही स्वीकारता येत नाही.

यावर संगणकाचा उपाय सांगितला जातो. यंत्राला पूर्वग्रह नसतो, असे म्हणतात. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीत वापरल्या जाणाऱ्या कॉम्पास या, आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचे गुण देणाऱ्या संगणक प्रणालीच्या गुणांकनाची पडताळणी केली. पुढील दोन वर्षांत नव्या गुन्ह्याची नोंद न झालेल्या कृष्णवर्णीय आरोपींपैकी ४४.९ टक्क्यांना प्रणालीने अधिक धोक्याच्या गटात टाकले होते. गोऱ्या आरोपींत हेच प्रमाण २३.५ टक्के होते. प्रणाली बनवणाऱ्यांचे उत्तर असे, की समान गुण मिळालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या आरोपींनी पुढे जवळपास समान प्रमाणात गुन्हे केले, मग भेदभाव कुठे आहे? नंतर गणितज्ञांनी सिद्ध केले, की दोन गटांतील नोंदलेल्या गुन्ह्यांचे मूळ प्रमाण वेगळे असेल, तर या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण करणे, काही अपवादात्मक परिस्थिती वगळता, शक्यच नाही. म्हणजे कोणती चूक कोणाच्या माथी मारायची, ही निवड माणसालाच करावी लागते. ती यंत्राच्या आत झाकली गेली, की तिला तांत्रिक बाब म्हणतात आणि तिचा जाब कोणी विचारत नाही. त्यातही यंत्र शिकते ते गुन्ह्यांवरून नव्हे, तर अटकांवरून. जिथे गस्त अधिक तिथे अटका अधिक, जिथे अटका अधिक तिथे धोका अधिक, आणि म्हणून पुन्हा गस्त अधिक.

गटाचा धोका व्यक्तीवर लादण्यासाठी खरे तर संगणकही लागत नाही. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याने भारतातील अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावर नोंदणी आणि हजेरीची सक्ती केली, आणि तो कायदा १९५२ पर्यंत रद्द झाला नाही. तिथे जात हाच एकमेव घटक होता. आज घटक शंभरावर असतात. पण तुझ्यासारख्यांनी जे केले ते तूही करशील, हा आरोप तोच राहतो.

न्यायाधीशाच्या मनातही धोक्याचा अंदाज असतोच, तो निदान कागदावर आला हे बरे नव्हे काय, असे मला विचारले जाते. आक्षेप रास्त आहे. जामिनाचा निर्णय पुढे पाहिल्याशिवाय घेताच येत नाही. साक्षीदाराला धमकावले जाईल का, हा प्रश्न न्यायालयाला विचारावाच लागेल. मारझोड सोसून तक्रार करायला आलेल्या स्त्रीला, आकडे खात्रीचे नाहीत म्हणून परत पाठवणे हा तर क्रूरपणा ठरेल. तिच्या संरक्षणासाठी, कैद्याला कोणता उपचार किंवा कोणते प्रशिक्षण द्यावे यासाठी, शिक्षा कमी करण्यासाठीही अंदाज वापरावा. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. केलेल्या गुन्ह्याने ठरलेल्या मुदतीच्या पलीकडे एक दिवसही केवळ अंदाजाच्या बळावर कोणाचे स्वातंत्र्य हिरावले जाऊ नये. आणि न्यायालयात धोक्याचा आकडा मांडला जाईल, तेव्हा तोच आकडा मिळूनही ज्यांनी पुढे काहीच केले नाही त्यांचे प्रमाण त्याच पानावर लिहिलेले असावे.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, हे इंग्लंड आणि वेल्समध्ये दिसले आहे. तिथे २००३ च्या कायद्याने ‘सार्वजनिक संरक्षणासाठी कारावास’ अशी शिक्षा आणली आणि २००५ पासून ती लागू झाली. न्यायाधीश गुन्ह्यासाठी एक किमान मुदत ठरवीत, पण ती संपल्यावर सुटका होत नसे. आपण आता धोकादायक नाही, अशी पॅरोल मंडळाची खात्री पटेपर्यंत कैद्याला आत राहावे लागे. ठरावीक यादीतील गुन्हा पूर्वी केलेला असेल, तर सुरुवातीला कायदा धोका गृहीतच धरायचा. सरकारचा अंदाज सुमारे ९०० कैद्यांचा होता. प्रत्यक्षात ही शिक्षा ८,००० हून अधिक जणांना झाली. सुधारणा सिद्ध करण्यासाठी जे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागत, त्यांत पुरेशा जागाच नव्हत्या. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये तीन कैद्यांच्या दाव्यात स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला, त्यांपैकी एकाची किमान मुदत अवघी नऊ महिने होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ही शिक्षा रद्द केली, पण केवळ पुढच्या आरोपींसाठी. जे आधीच आत होते, ते आतच राहिले. ही शिक्षा आणणारे तत्कालीन गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. रद्द होऊन दहा वर्षे झाली तेव्हाही हजाराहून अधिक कैदी असे होते, ज्यांची एकदाही सुटका झालेली नव्हती. त्यांतल्या कित्येकांच्या मनावर झालेला परिणाम त्यांच्या धोक्याच्या नोंदीत जमा होत गेला. आशा संपलेला माणूस चिडला, तर ती चीड त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरत होती. हाउस ऑफ कॉमन्सच्या न्यायविषयक समितीने २०२२ मध्ये या सर्वांना गुन्ह्याच्या प्रमाणात नव्याने, निश्चित मुदतीची शिक्षा द्यावी अशी शिफारस केली. सरकारने २०२३ मध्ये ती फेटाळली. कारण दिले ते असे, की पॅरोल मंडळाने ज्यांना सोडण्यायोग्य मानलेले नाही तेही त्यामुळे बाहेर येतील आणि लोकांना धोका निर्माण होईल.