किचनमध्ये पाय टाकला म्हणून फॉल्ट होत नाही

आईच्या उजव्या मनगटाला आठ दिवस झाले क्रेप बँडेज आहे. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. ती 62 वर्षांची आहे आणि रोज सकाळी सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या बॅटने भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटवरून मारायचा खेळ, खेळते. पडलीस कशी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अगं, चेंडू नेटजवळ पडला. पाय पुढे टाकला असता तर फॉल्ट झाला असता ना! म्हणून होते तिथूनच वाकले." हे तुला कुणी सांगितलं, तर फोन माझ्यापुढे धरला. 'पिकलबॉल : ज्येष्ठांनी पाळायचे सहा नियम.' सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज, मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर तोच, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांकडेही तोच.

पहिलाच मुद्दा असा : 'नेटजवळच्या किचनमध्ये पाय ठेवण्यास सक्त मनाई. पाय पडताच फॉल्ट.' साफ चूक. यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेची नियमपुस्तिका संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. तिच्यात सरळ लिहिलंय की खेळाडू किचनमध्ये केव्हाही जाऊ शकतो, फक्त तिथून व्हॉली मारायची नाही. व्हॉली म्हणजे टप्पा पडायच्या आत हवेतच मारलेला चेंडू. किचन हे नेटला लागून असलेल्या पट्ट्याचं बोलण्यातलं नाव. नियमात त्या पट्ट्याला नॉन-व्हॉली झोन म्हणतात. नाव वाचलं असतं तरी नियम कळला असता.

हा पट्टा आहे कशासाठी? नेट मध्यभागी जेमतेम 34 इंच उंच. त्याला खेटून उभं राहून येईल तो चेंडू खाली ठोकायची मुभा दिली, तर खेळात काही उरणार नाही. म्हणून नेटच्या दोन्ही बाजूंना 7-7 फूट जागा राखली. पण समोरच्याने नेटवरून हळूच सोडलेला चेंडू, ज्याला डिंक म्हणतात, नेमका त्याच जागेत टप्पा घेतो, आणि तो उचलायचा तर आत जावंच लागतं. टप्पा पडायच्या आधीच आत जाऊन उभं राहिलं तरी चालतं. टप्पा पडू द्यायचा, मारायचा आणि मागे यायचं. दोन्ही पाय बाहेर टेकले की व्हॉली मारायला पुन्हा मोकळे.

फॉल्ट होतो तो व्हॉली मारताना पाय आत किंवा रेषेवर असेल तर. रेषा किचनचाच भाग आहे. बाहेरून व्हॉली मारून त्याच झोकात आत गेलात तरी फॉल्ट. पॅडल मात्र पट्ट्यावरच्या हवेत हवं तेवढं पुढे न्या, कारण झोन फक्त जमिनीपुरता असतो.

आता आईचं बघा. तिचे अंगठे रेषेच्या मागे आणि चेंडू नेटपासून दोनेक फुटांवर, म्हणजे तिच्यापासून पाच फूट. एकच पाऊल टाकलं असतं तर तो आरामात आला असता. पाऊल टाकायचं नाही म्हणून ती कंबरेतून वाकली, हात लांबवला, तोल गेला आणि अंगाचा सगळा भार तळहातावर आला. साठीनंतर मनगटं मोडतात ती बहुतेक अशीच. 'ज्येष्ठांसाठी' म्हणून पुढे ढकलताना एकालाही नियम तपासावासा वाटला नाही, याचा मला फार राग आला.

दुसरा मुद्दा, बॅडमिंटनचं कोर्ट असेल तर काहीच बदलायला नको. हे अर्धं खरं आहे. 1965 साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला तो बॅडमिंटनच्या कोर्टवरच, आणि 44 बाय 20 फुटांचं माप आजही तेच आहे. पण बॅडमिंटनचं नेट मध्यभागी 5 फूट असतं, इथे ते कडेला 36 आणि मध्ये 34 इंचांवर आणावं लागतं. शिवाय बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते, सातवर नाही. आमच्याकडे सगळे तीच रेषा किचनची धरून खेळत होते. मीसुद्धा.

'सर्व्हिस नेटला लागून गेली तर पुन्हा करावी.' 2020 पर्यंत हे बरोबर होतं, मान्य करते. 2021 पासून तो नियम गेला. नेटला लागूनही चेंडू योग्य चौकोनात पडला तर खेळ चालू राहतो. किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर पडला तर फॉल्ट.

वजनदार पॅडलच नियमात बसतं म्हणे. वजनाचा नियमच नाही. लांबी आणि रुंदी मिळून 24 इंच आणि लांबी 17 इंचांपेक्षा जास्त नको, मापात एवढंच बघायचं. खांदा दुखत असेल तर हलकंच घ्या. 40 भोकांचाच चेंडू लागतो हेही खोटं, 26 ते 40 भोकं चालतात. मैदानात साधारण 40 भोकांचा वापरतात आणि बंद हॉलमध्ये 26 भोकांचा, पण ती झाली सवय.

शेवटचा मुद्दा मात्र असा सोडून देता येत नाही. 'चेंडू प्लॅस्टिकचा व हलका, त्यामुळे डोळ्यांना धोका नाही. चालायचे बूट पुरेत.' हा चेंडू 22 ते 26 ग्रॅमचा, कडक असतो. शटल पाचेक ग्रॅमचं. दोघं आपापल्या किचनच्या रेषेवर उभे राहिले की मधलं अंतर 14 फूट, आणि तिथून कुणी जोरात मारला तर डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही. काचेचा चष्मा घालून खेळणाऱ्यांना तर काच फुटायचीही भीती. पॉलिकार्बोनेटचा खेळायचा चष्मा घ्या. चालायचे बूट सरळ चालण्यासाठी केलेले असतात. या खेळात पाय सतत आडवे सरकतात आणि घोटा तिथेच मुरगळतो. कोर्टवर खेळायचे, बाजूने पाय धरून ठेवणारे बूट हवेत.

काल संध्याकाळी टेप घेऊन गेले, नेटपासून सात फूट मोजले आणि पिवळी चिकटपट्टी लावून आले. ज्या काकांनी मेसेज टाकला होता त्यांना फोनही केला. त्यांनी ऐकून घेतलं, लगेच काढूनही टाकला. पण तोवर तो आणखी तीन ग्रुपवर गेला होता, म्हणून हे लिहिलं.