फुकटच्या नाटकाला जाताना

कृष्णाकाठी घाटावर नाटक आहे, तेही फुकट, असा निरोप ग्रुपवर आला की ‘कुठलं नाटक?’ असं विचारू नका. असं विचारणारा मिरजेच्या पलीकडचा समजला जातो. ‘खायला काय आणू?’ एवढंच विचारा. आपण सांगलीकर, नाट्यपंढरीतले. आपल्याला नाटकातलं जन्मतःच कळतं, त्यासाठी नाटक बघावं लागत नाही.

फुकटेपणावरून कोणी टोकलंच तर इतिहास सांगा. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’, मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, केलं, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. पुढे आश्रयदाते गेले, भाव्यांना मंडळी घेऊन गावं पालथी घालावी लागली आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले, हा भाग मात्र गाळा. तिकीट काढणं ही मुंबईची खोड. आपण मूळ परंपरा जपतोय.

जागा धरायला पाचलाच जा. माणसं चार असली तरी सतरंजी लग्नातली न्या. चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या जोडांतल्या, म्हणजे चोराचंही मन होत नाही. मधोमध हेल्मेट. आपल्याकडे हेल्मेट डोक्यावर फारसं दिसत नाही, पण जागा धरायला त्याच्यासारखी वस्तू नाही. नातवाला घेऊन आलेल्या एखाद्या आजी कडेला उभ्या राहून विचारतील, ‘इथं कोण हाय का बाळा?’ ‘हायत की आजी, यायलेत. तुम्ही पुढं बसा, मोकळं हाय.’ पुढं म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी. आजींना ऐकू कमी येत असेल तर उपकारच झाले.

सातचं नाटक साडेआठला सुरू होईल. मधला वेळ सत्कारांचा. नदीवरचा वारा समई पेटू देत नाही. पाच पाहुणे, एक काडेपेटी आणि ओंजळीचा आडोसा करणारा निवेदक, हा प्रवेश चुकवू नका, संध्याकाळभरातला तोच सर्वांत रंगतो. मग प्रत्येक पाहुणा भाव्यांपासून सुरुवात करून हरिपूरच्या नाटककार देवलांवरून नाटककार खाडिलकरांपर्यंत येतो, रंगभूमीला प्रेक्षक उरला नाही म्हणून हळहळतो आणि दुसरा कार्यक्रम असल्यानं नाटकाआधी निघून जातो. टाळ्या वाजवा. खुर्च्या रिकाम्या होतात.

भडंग कधी काढायचं, याला मात्र अक्कल लागते. गाणं चालू असताना पिशवी उघडली तर कोणाला कळणार? शांत प्रसंगाची वाट बघा. परवा आमच्या मित्रानं ती वेळ साधली. रंगमंचावर कॉलेजातली एक मुलगी बापाच्या सदऱ्याची घडी घालत होती. बाप गेलेला. तिला वाक्य नव्हतं, नुसती घडी. घाट चिडीचूप. मी पेपर पसरला, मित्रानं कांदा टाकला आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं विचारलं, ‘लिंबू हाय का रं?’ मुलीचा हात बाहीवर थांबला. एकदाच. मग तिनं बाही आत दुमडली. मागं कोणी तरी हसलं, म्हणजे आपल्याला विनोदाचीही जाण आहे.

मोबाइल बंद करायची सूचना दुसऱ्यांसाठी असते. फोन आलाच तर उठू नका, मागच्यांना त्रास होतो. बसूनच सांगा, ‘नाटकात हाय. न्हाई, फुकटच हाय. बोल की.’

शेवटी कलाकार रांगेत उभे राहून वाकतील, एक पोरगा पत्र्याचा डबा घेऊन फिरेल. ही वेळ चपला शोधायची. चार कोपऱ्यांवर चार, शोधायला वेळ लागतोच. डबा पुढं सरकेपर्यंत मान वर करू नका. आमच्याकडं डबा आलाच, तर मित्रानं उदारपणे मूठभर भडंग पुढं केलं.

घाट रिकामा झाला तेव्हा ती मुलगी खुर्च्या एकात एक घालत होती. सदरा अजून खांद्यावर होता. मी जवळ जाऊन मनापासून दाद दिली, ‘मस्त झालं हं! पुढचं फुकट कधी हाय?’

‘काका,’ ती म्हणाली, ‘जरा बाजूला होता का? पायाखाली वायर आहे.’