टीव्ही अडकत नव्हता, काका. पोरगं अजून शिकत होतं

आज बेळगावच्या शहापुरात एका ओळखीच्यांकडे जेवायला होतो. हॉलमध्ये नवा कोरा ५५ इंची टीव्ही, त्यावर २०१८ चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' आणि समोर मांडी घालून त्यांची नऊ वर्षांची नात. दहा मिनिटांत काका उठले. "अडकतंय बघ की हे. नेट गेलं काय की." नेट ठीक होतं. मग दुकानदाराला फोन. त्याने फोनवरच सांगितलं, सेटिंगमध्ये मोशन का काय आहे ते फुल्ल करा. केलं. सगळा सिनेमा तुपात घोळून काढल्यासारखा झाला. काका खूश. "आता कसं, लोण्यागत!"

पानावर बसलो होतो म्हणून गप्प राहिलो. आता घरी आलोय.

काका, सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला नवी पोझ दिली तर त्याला 'वन्स' म्हणतात. एकच पोझ दोन फ्रेम धरून ठेवली, म्हणजे सेकंदाला १२ पोझ, तर 'टूज'. त्या सिनेमात माइल्स नावाचं पोरगं नुकतंच स्पायडर-मॅन झालेलं आहे, त्याला काही येत नाही. बर्फाळ जंगलात तो आणि मुरलेला स्पायडर-मॅन पीटर जाळी फेकत झाडाझाडांतून जातात. पीटर वन्सवर, माइल्स टूजवर. एकाच चौकटीत एक सरसर जातोय, दुसरा धडपडतोय. कोणी तोंडाने म्हणत नाही की हा नवखा आहे, डोळ्याला आपोआप कळतं. पुढे त्याला जमायला लागतं तसा तोही वन्सवर येतो.

तुमच्या टीव्हीने काय केलं? दोन पोझच्या मध्ये आपल्या मनाने खोट्या फ्रेम घुसडल्या. पोरगं शिकायच्या आधीच पास! शंभराहून जास्त माणसांनी बसून केलेलं काम एका बटणात पुसलं आणि वर म्हणायचं लोण्यागत.

हे बटण कुठे असतं तेही सांगतो, कारण उद्या आणखी कुणाच्या तरी घरी हेच होणार. पिक्चर सेटिंगमध्ये जायचं, मग अ‍ॅडव्हान्स्ड किंवा क्लॅरिटी. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, काम एकच. ते पूर्ण बंद करायचं. 'लो' नको, बंद. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. क्रिकेटला हवं असेल तर खुशाल चालू ठेवा, तिथे चालतं. (हे मी नाइलाजाने मान्य करतोय.)

आता कुणीतरी खाली लिहिणारच की सगळं शेवटी स्टोरीवर असतं. असतं बाबा. पण सुपरहिरोची स्टोरी सगळ्यांची तीच: ताकद मिळते, कुणीतरी जातं, शेवटी मारामारी. मग शंभरातला एकच का लक्षात राहतो? ज्यात ताकद आणि माणूस एकाच मातीचे असतात तो. ही पहिली गोष्ट. २००४ चा 'द इन्क्रेडिबल्स' घ्या. घर ओढणारा बाप बैलासारखा बळकट, दहा दिशांना ताणली जाणारी आई रबरासारखी, कुणी बघू नये असं वाटणारी वयातली मुलगी अदृश्य, बूड टेकत नाही तो पोरगा वाऱ्यासारखा. कुणाची ताकद कुणालाही चिकटवून चाललं असतं का? नाही. २०१४ च्या 'बिग हिरो ६' मधला बेमॅक्स बघा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या हवा भरलेल्या मऊ रोबोटवरून सुचलेला, चाल पेंग्विनच्या पिल्लाची. तो दारातून आत येतो तेवढ्यातच कळतं की हा मारायला आलेला नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. पात्राला आतून काळं भरून टाकायचं, नुसती सावली उरली पाहिजे, आणि ती सावली बघून कोण काय करतंय हे कळलं पाहिजे. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा तलवार उचलून तसाच्या तसा उभा असतो, खाली रस्त्यावर हजारोंची गर्दी, मागच्या माणसाला फक्त आकृती दिसते. हात अंगाला चिकटला की तलवार गायब. हात अंगापासून सुटा, कोपर बाहेर, मग ती पोझ लांबून वाचता येते. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेत तर पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवायचे. अंधार आधीच तयार, उजेड तेवढा वरून लावायचा. त्यामुळे बॅटमॅनची नुसती कानांची टोकं दिसली तरी पुरतं.

तिसरी गोष्ट खडेबाजारातल्या कुठल्याही जुन्या प्रिंटरला विचारा. चार रंगांच्या चार प्लेटा, एक जरा सरकली की लग्नपत्रिकेवरच्या गणपतीच्या कडेने लाल-निळी किनार दिसते. रजिस्टर आऊट झालं म्हणतात. गिऱ्हाईक पत्रिका तोंडावर फेकतं. स्पायडर-व्हर्सवाल्यांनी जुन्या छापील कॉमिक्सचा भास यावा म्हणून हाच दोष मुद्दाम घेतला. कॅमेऱ्यासारखं धूसर करायच्या ऐवजी लांबच्या वस्तूंचे रंग सरकवून ठेवले. काकांनी त्यालाही "डोळ्यावर येतंय" म्हणून नावं ठेवली.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. सावलीतले कॉमिक्ससारखे छपाईचे ठिपके पात्राच्या अंगावर चिकटवले तर ते वळताना ठिपके ताणले जातात. पडद्यावर चिकटवले तर पात्र बाथरूमच्या नक्षीदार काचेमागून चालल्यासारखं दिसतं. मधला मार्ग शोधायलाच जीव जातो. टूजचंही तसंच. कॅमेरा वन्सवर फिरतोय आणि पात्र टूजवर, तर ते मागच्या चित्रापुढे थरथरतं, मग तेवढ्या शॉटपुरतं पात्रालाही वन्सवर आणावं लागतं. चेहऱ्यावरच्या शाईच्या रेघांची तर कटकटच. मान वळली की रेघ घसरते. म्हणून संगणक आधी अंदाज करायचा, रेघ कुठे येईल, आणि मग माणूस हाताने सरळ करायचा. मोशन ब्लर, म्हणजे वेगात येणारा धूसरपणा, काढून टाकला, त्याच्या जागी वेगाच्या रेघा, ताणलेले हातपाय. १९९९ च्या 'द आयर्न जायंट'मध्ये उलट दुखणं होतं: सगळे हाताने काढलेले, तो अजस्र रोबोट तेवढा संगणकाचा. त्याची रेघ फार सरळ यायची, म्हणून मुद्दाम थरथरवणारा प्रोग्रॅम लिहिला!

सरळ रेघ वाकडी करायला लोक प्रोग्रॅम लिहितात आणि आपण टीव्हीवर बटण दाबून वाकडी सरळ करतो.

बरं, राग थोडा उतरलाय. स्पायडर-व्हर्सच्या २०२३ च्या दुसऱ्या भागात मुंबई आणि मॅनहटनची मिसळ करून मुंबॅटन नावाचं शहर उभं केलंय. त्याचं रंगरूप जुन्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेलं. आपला वेताळ! तोच कागद, तेच फिसकटलेले रंग. काकांच्या माळ्यावर आजही एक गठ्ठा निघेल. म्हणजे जे अंक त्यांनी लहानपणी उशीखाली ठेवले, तेच टीव्हीवर आले की 'अडकतंय'. आणि तो भाग आपल्याकडे दहा भाषांत आला, त्यात मराठी होती आणि कन्नडही. आपल्याकडच्या पोरांना दोन्ही चालतात, भांडतो आपणच. हो, त्या सिनेमावर कलाकारांना राबवून घेतल्याच्या बातम्याही आल्या होत्या, ते मला माहीत आहे आणि ते वाईटच.

पण खरं सांगू का, काकांवर रागावून उपयोग नाही. इतकी वर्षं आपल्याला एकच शिकवलंय, गुळगुळीत म्हणजे चांगलं, खऱ्यासारखं म्हणजे भारी. १९४१ च्या सुपरमॅनच्या कार्टूनमध्ये मात्र डोळ्याला काय शोभतं तेच आधी बघितलं. कॉमिक्समध्ये तो उड्या मारायचा, पडद्यावर त्या बेडकासारख्या दिसायला लागल्या, म्हणून त्याला उडवला.

सेटिंग बदलल्यावर नात थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जा, मघाशी बरं होतं. त्याला येत नव्हतं ते कळत होतं." फ्रेम म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

काका, उद्या संध्याकाळी येतो, येताना कुंदा आणतो. रिमोट तेवढा तिच्या हातात द्या.